मतांची देवघेव
(पंगत, प्रवास आणि राजकारण यांविषयी विद्यार्थ्यांशी चार शब्द)

आगगाडीच्या डब्यात जागा मिळून सामान फळीवर ठेवले, की समोरच्या बाकावरील गृहस्थांशी बोलणे सुरू होते. प्रथम गावाची चौकशी होते. मग कोणाचा तरी डबा उघडतो व त्यातील चटणीभाकरीवरून खाण्यापिण्याच्या गोष्टी निघतात. कोठे काय चांगले मिळते, तेथे कोण केव्हा गेले होते, यावरून प्रवासाचा विषय येतो. आणि दोनचार स्थानके मागे पडतात न पडतात तोच राज्यकारभाराची गोष्ट निघून डब्यातील निम्मी माणसे एका बाजूस व निम्मी दुसऱ्या बाजूस होतात. उतरतेवेळी डबा आवरून ज्याने आपल्यास लाडू दिला, त्याचा निरोप घेण्याचेही पुष्कळदा राहून जाते.

भोजन, प्रवास आणि राजकारण हे तीन विषय असे आहेत, की त्यांवर मत देण्यापूर्वी कोणासही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागत नाही. बीजगणितातील समीकरणापुढे मौन धारण करणारा मनुष्य या तीन विषयांवर निःशंकपणे बोलतो. यात वाईट काही नाही. उलट लोकांनी मोकळेपणाने बोलावे हे निरोगी समाजाचे लक्षण आहे. परंतु बोलणे निराळे व मतांची देवघेव निराळी. ‘देवघेव’ या शब्दातच देणे व घेणे या दोन्ही क्रिया आहेत. आठवड्याच्या बाजारात जो आपला माल तेवढा ओरडून सांगतो व दुसऱ्याच्या पाटीकडे ढुंकूनही पाहत नाही, तो संध्याकाळी आपलाच माल डोक्यावर घेऊन घरी परततो. आपली पुष्कळशी संभाषणे याच प्रकारची होतात. ती तशी होऊ नयेत म्हणून काय करावे, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय घेण्यास आम्हांस एक विशेष कारण घडले. ते शेवटी निवेदन करू.

आरंभी एक भेद ध्यानात ठेवावा. ‘मत’ या एकाच नावाखाली आपण तीन निरनिराळ्या वस्तू एकमेकांस देत असतो. ‘मला कारल्याची भाजी आवडत नाही’ ही झाली रुची. ‘मी त्या गावी गेलो तेव्हा लोकांनी माझा चांगला आदर केला’ हा झाला अनुभव. ‘अमुक कर माफ व्हावा’ हा झाला निर्णय. रुचीस पुरावा लागत नाही. अनुभवास पुरावा लागत नसला तरी मर्यादा सांगावी लागते. आणि निर्णयास कारण द्यावे लागते. या तिहींची सरमिसळ झाली, म्हणजे भांडणास सुरुवात होते. कोणी आपल्या रुचीस निर्णयाचे रूप देऊन ‘मासे खाणारे लोक असेच’ असे म्हणतो. कोणी दोन दिवसांच्या अनुभवावरून सबंध प्रांतास नावे ठेवतो. तर कोणी राजकारणातील निर्णय केवळ आवडीनिवडीने करून मोकळा होतो. आता एकेका विषयाकडे वळू.

१. पंगत

रुचीविषयी वाद घालू नये, हे शहाणपण सर्वांस ठाऊक आहे. आमटीत गूळ असावा की नसावा, यावर कोकणस्थ व देशावरील मंडळींनी पिढ्यानुपिढ्या केलेली थट्टा गोडच आहे. तथापि ‘आमचे अन्न’ व ‘परक्यांचे अन्न’ असा अभिमान जेव्हा जिभेवर चढतो, तेव्हा थोडा इतिहास उपयोगी पडतो. उपवासाच्या साबूदाण्याच्या खिचडीचेच उदाहरण घ्या. साबूदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून करतात तो कसावा, त्यात पडणारा शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची आणि बटाटा, ही चारही मुळची अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबस त्या भूमीस लागल्यानंतर, मुख्यतः पोर्तुगीज व इतर दर्यावर्दी लोकांच्या हातून, ही पिके पूर्वेकडे आली. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. म्हणजे ज्या खाद्याने आपण उपवासाचे सोवळे राखतो, ते स्वतःच सात समुद्र ओलांडून आले आहे! परक्याच्या ताटाला हसण्यापूर्वी आपल्या ताटातील पाहुणे मोजून पाहावेत.

परंतु अन्नाचा वाद पुष्कळदा अन्नाचा नसतोच. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्यातील पंचहौद मिशनने शहरातील प्रतिष्ठित मंडळींस एका समारंभाचे निमंत्रण दिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांसारखे थोर गृहस्थ तेथे गेले. कार्यक्रमानंतर चहा व बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि शहरात एकच खळबळ उडाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले; चौकशीसाठी मंडळ नेमले गेले; ग्रामण्याच्या भयाने कित्येक कुटुंबांस लग्नमुंजींची चिंता पडली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे सुधारक मंडळींनीच त्यांस दोष दिला. आपल्या हट्टापायी आपल्याशी संबंध ठेवणाऱ्या मित्रांच्या घरी दुःख होऊ नये, ही त्यांची भावना त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे.

पेल्यात चहा होता, परंतु भांडण चहाचे नव्हते. पेला कोणी भरला, तो कोणाच्या हातून घेतला व कोणाच्या शेजारी बसून प्यायला, हा खरा प्रश्न होता. म्हणून वादात उतरण्यापूर्वी ‘हे भांडण खरोखर कशाचे आहे?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. रानड्यांनी केले ते योग्य की अयोग्य, यावर आजही दोन मते संभवतात. आम्हांस स्वतःस त्यांची माघार रुचत नाही. पण मित्राच्या मुलीच्या लग्नाची काळजी ज्याने कधी वाहिली नाही, त्याने त्यांस भित्रा म्हणण्याची घाई करू नये, असेही वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काय खावे ही रुची आहे. पण पंगतीत कोणास बसू द्यावे ही रुची नव्हे. ती न्यायाची बाब आहे. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले व्हावेत असे म्हटले. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या बंधूंस तेथे ओंजळभर पाणी घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यासाठी लोकांस मार खावा लागला आणि न्यायालयातील अखेरचा निकाल १९३७ साली लागला. अशा प्रसंगी ‘ज्याचे त्याचे मत’ असे म्हणून बाजूस होणे म्हणजे सौजन्य नव्हे, तो कर्तव्यचुकारपणा होय. आणि आम्ही ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीही येथे मान खाली घातली पाहिजे. कारण आमच्या मंडळ्यांतही पूर्वीच्या जातीची आठवण ठेवून बसण्याउठण्याचा भेद करणारे लोक झाले आहेत.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. त्यांच्यावर माया करणाऱ्या भगिनींपैकी काहींस हा जुन्या बंधनांचा अवशेष वाटला व तसे त्यांनी लिहिलेही. रमाबाईंनी आपल्या पत्रांतून आदराने, पण ठामपणे, आपले स्वातंत्र्य राखले. पौलाने रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच विवेक शिकविला आहे: सर्व काही खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्यायाधीश होऊ नये. ताटात काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे. शेजारी कोण बसला आहे हे पाहून ताट मात्र उचलू नये.

२. प्रवास

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो असे म्हणतात. आमच्या मते प्रवासाने मनुष्य शहाणा होण्याची संधी मिळते, इतकेच खरे. दोन दिवस एका शहरात राहून, एका खानावळीत जेवून व एका टांगेवाल्याशी भांडून परत आलेला मनुष्य ‘तेथील लोक लबाड आहेत’ असे सांगू लागला, तर त्याने तिकिटाचे पैसे व्यर्थ घालविले. प्रवाशाची साक्ष ऐकताना तीन प्रश्न विचारावेत: किती दिवस राहिलात? कोणाकोणाशी बोललात? आणि हे पाहिलेले आहे की ऐकलेले?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकावरून उत्तम कळते. वरसई गावचा हा गरीब भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीस वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. पुढे कित्येक वर्षांनी त्याने ती हकीकत लिहून ठेवली व १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी ती प्रसिद्ध केली. झाशीतील आग, पाण्याचे हाल, लूट व लोकांची दैना हे जे त्याने डोळ्यांनी पाहिले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. दूरच्या घडामोडी जेथे त्याने लोकांच्या तोंडून ऐकून लिहिल्या, तेथे मात्र चुका आहेत. लेखक एकच, प्रामाणिकपणाही तोच. पण डोळ्यांचे मोल निराळे व कानांचे निराळे.

प्रवासास निघणाऱ्याने विरोधकांशी कसे बोलावे, याचा धडा एका सतरा वर्षांच्या मुलीने घालून दिला आहे. चहाच्या प्रकरणात ज्यांचे नाव वर आले, त्याच गोपाळराव जोशींची पत्नी आनंदीबाई वैद्यक शिकण्यासाठी एकटी अमेरिकेस जाण्यास निघाली, तेव्हा चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. हिंदूंनी समुद्रगमनाबद्दल दोष दिला. ख्रिस्ती लोकांपैकी काहींनी धर्मांतर केल्यास साह्य करू असे सुचविले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात तिने इंग्रजीत भाषण केले. १८१८ साली कॅरी, मार्शमन व वॉर्ड या मिशनऱ्यांनी स्थापन केलेली ती संस्था. या भाषणाची रचना विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी. लोक आपल्यास जे प्रश्न विचारतात, तेच तिने एकामागून एक मांडले: अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत पडणार नाही काय? संकट आले तर काय कराल? आणि जे आजवर कोणा स्त्रीने केले नाही, ते तुम्हीच का करावे? एकेक प्रश्न घेऊन तिने शांतपणे उत्तर दिले. प्रश्न बोथट करून मांडले नाहीत व विचारणाऱ्यांस मूर्खही म्हटले नाही. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे तिने एका मिशनरी संस्थेत उभे राहून सांगितले, आणि त्या श्रोत्यांनी ते ऐकून घेतले. बोलणारीचे धैर्य थोर खरे. पण ऐकणाऱ्यांचे सौजन्यही विसरू नये.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंस फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम गेल्या होत्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली, अशा त्या दोन महाराष्ट्रीय स्त्रिया त्या परक्या नगरीत एकमेकींच्या आनंदात सहभागी झाल्या. पुढे एका वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. रमाबाईंनी अमेरिकेत पाहिलेल्या लोकस्थितीवर १८८९ साली मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तेथील शाळा, राज्यपद्धती व स्त्रियांच्या संस्था यांची प्रशंसा आहे. पण काळ्या लोकांशी व मूळच्या रहिवाशांशी झालेल्या अन्यायावर पांघरूण घातलेले नाही. यजमानाचे मीठ खाऊनही सत्य सांगता येते व सत्य सांगूनही कृतज्ञ राहता येते, हे त्यावरून शिकावे.

३. राजकारण

मराठी भाषेत ‘मत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अभिप्राय व दुसरा निवडणुकीत द्यावयाचा कौल. १९८९ सालापासून आपल्या देशात १८ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास मत देण्याचा अधिकार आहे. म्हणजे आज नववी-दहावीत बसलेल्या मुलामुलींस तो अल्पकाळातच प्राप्त होणार. दुसऱ्या अर्थाचे मत गुप्तपणे द्यावयाचे असते. म्हणूनच पहिल्या अर्थाचे मत त्याआधी उघडपणे घासूनपुसून घेतले पाहिजे. जे मत कोणी कधी प्रश्न विचारून पारखले नाही, ते पेटीत टाकणे म्हणजे न वाजविता घेतलेला रुपया पुढे चालविण्यासारखे आहे.

परंतु राजकीय मतभेदात स्नेह कसा टिकवावा? महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे, व ते सर्वस्वी गोड नाही. टिळक व आगरकर हे दोघेही १८५६ साली जन्मले. विद्यार्थिदशेत त्यांनी देशसेवेच्या प्रतिज्ञा एकत्र केल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलात व १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांत एकत्र श्रम केले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या प्रश्नावर मार्ग फुटले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. दोघांनीही एकमेकांवर कठोर लिहिले. आगरकरांच्या विरोधकांनी तर त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली असे सांगतात. कारणे संपली म्हणजे मनुष्य तिरडी बांधावयास लागतो! १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनी ‘केसरी’त लिहिला. तो सांगताना त्यांचे अश्रू आवरत नव्हते, अशी आठवण आहे. ती वाचताना आमच्या मनात प्रत्येक वेळी येते, की त्या अश्रूंतील एखादा जरी सहा-सात वर्षे आधी गळला असता, तर आगरकरांस तो दिसला असता.

दुसरे उदाहरण अधिक समाधानाचे आहे. १९२१ साली असहकारितेची चळवळ जोरात असता रवींद्रनाथ ठाकूर यांनी परदेशी कापडाच्या होळ्या व चरख्याचा सरसकट आदेश यांवर उघड टीका केली. गांधींनी त्याच ऑक्टोबर महिन्यात ‘यंग इंडिया’ पत्रात उत्तर दिले व त्यात कवीस जागता पहारेकरी म्हणून गौरविले. मत मात्र सोडले नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरी दंड होय, असे गांधी म्हणाले. अस्पृश्यता रवींद्रनाथांसही तितकीच असह्य होती. पण निसर्गाच्या घडामोडीस नीतीचे कारण जोडणे त्यांस अयोग्य वाटले व त्यांनी निषेध लिहिला. गांधींनी काय करावे? तो निषेध आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला व शेजारी आपले उत्तर दिले. या प्रश्नात आमचे मन रवींद्रनाथांकडे झुकते. शिलोहाच्या बुरुजाखाली चेंगरून मेलेले लोक इतरांहून अधिक पापी नव्हते, असे आमच्या प्रभूनेही सांगितले आहे. तथापि विरोधकाचे म्हणणे आपल्या खर्चाने आपल्याच वाचकांपुढे ठेवणे, हा गांधींचा गुण आम्हांस वादातील विजयाहून मोठा वाटतो.

आणि या दोघांतील स्नेह? सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी उपोषण सोडले, तेव्हा वृद्ध कवी जवळ बसून गायिले. १९३६ साली शांतिनिकेतनसाठी पैसा मिळवावा म्हणून रवींद्रनाथ उतारवयात नाटकाचे प्रयोग घेऊन हिंडत आहेत हे कळताच गांधींनी ६०,००० रुपयांची देणगी मिळवून देऊन त्यांस घरी परत धाडले. पंधरा वर्षे वाद चालला व पंधरा वर्षे प्रेमही चालले.

४. हा लेख का लिहिला

आता आरंभी कबूल केलेले कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या वर्गास नागरिकशास्त्र शिकवीत असता, गावातील दारूचे दुकान लोकांच्या मताने बंद करावे की नाही, असा विषय निघाला. ‘बंद करावे’ असे म्हणणारे हात पुष्कळ वर झाले. शेवटच्या बाकावरील एक अबोल मुलगा उठून म्हणाला, “सर, बंद करू नये.” आम्ही दारूचे हाडवैरी. त्यास कारण न विचारता आम्ही म्हणालो, “का रे, तुझ्या घरचे गिऱ्हाईक तुटेल काय?” वर्ग खदखदून हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही.

पुढे पालकांच्या सभेस त्याची आई आली. तिच्याकडून कळले, की त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी चोरटी, विषारी दारू पिऊन वारले होते. दुकान बंद झाले तर माणसे तीच चोरटी दारू पितील, एवढेच त्या लेकरास सांगावयाचे होते. सबंध वर्गात त्या विषयाचा खरा अनुभव त्या एकट्यास होता, आणि सबंध वर्गात आम्ही गप्प बसविला तोही तो एकटाच.

आम्ही त्यास खोलीत बोलावून क्षमा मागितली. “असू द्या सर,” इतकेच तो म्हणाला. परंतु अपमान चाळीस मुलांसमोर केला होता व क्षमा बंद दाराआड मागितली, ही आमची दुसरी चूक. तो आता शाळा सोडून गेला आहे. हा अंक त्याच्या हाती पडेल की नाही कोण जाणे. पण पडला, तर ही क्षमायाचना चारचौघांत केलेली आहे असे त्याने समजावे. दारूविषयी आमचे मत पूर्वीचेच आहे. दुकान बंद व्हावे असेच आम्हांस आजही वाटते. मात्र दुकान बंद करणाऱ्याने चोरट्या भट्टीचा बंदोबस्त आधी केला पाहिजे, हे आम्ही त्या मुलापासून शिकलो. त्या दिवशी ऐकले असते, तर एक वर्ष आधी शिकलो असतो.

विद्यार्थिमित्रहो, या सर्वांतून जे चार-पाच नियम निघतात ते असे. बोलण्यापूर्वी आपण रुची सांगत आहो, अनुभव सांगत आहो की निर्णय, हे मनाशी ठरवा. पाहिलेले व ऐकलेले वेगळे सांगा. दुसऱ्याचे म्हणणे प्रथम अशा शब्दांत सांगून दाखवा, की तो ‘होय, हेच मला म्हणावयाचे आहे’ असे म्हणेल. मगच त्याचे खंडन करा. ‘तुझे घर, तुझी जात, तुझा गाव’ हे शब्द वादात आणू नका. आणि ‘तुला असे का वाटते?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी हसू नका.

पालकांसही एक विनंती आहे. घरी जेवतेवेळी वडीलधारी मंडळी राजकारण बोलतात व मुले कान देऊन ऐकतात. आपल्या विरुद्ध पक्षाच्या शेजाऱ्याविषयी आपण कोणते शब्द योजतो, ते मुले दुसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्याच्या मुलास शाळेत ऐकवितात, हे आम्ही पाहिले आहे. मत आपले आपण ठेवावे. पण मुलाने शंका विचारली तर ‘मोठ्यांमध्ये बोलू नकोस’ म्हणून त्यास उठवू नये. ज्या घरात मुलाचा प्रश्न ऐकला जातो, त्या घरातील मूल बाहेर दुसऱ्याचे ऐकून घेते.

आगगाडीतील त्या बाकावर पुन्हा एकदा येऊ. वाद होवो, जोराचाही होवो. परंतु आपले स्थानक आले म्हणजे समोरच्याचे सामान खाली उतरविण्यास हात लावावा, आणि त्याच्या लाडवाबद्दल आभार मानून मगच उतरावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रुची, अनुभव व निर्णय यांचे प्रत्येकी एक उदाहरण कालच्या आपल्या संभाषणातून द्या.
२. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले हे योग्य की अयोग्य? प्रथम आपल्या विरुद्ध पक्षाची बाजू पाच ओळींत मांडा; नंतर आपली.
३. आनंदीबाईंस विचारलेल्या सहा प्रश्नांपैकी कोणता प्रश्न आपणांस सर्वांत कठीण वाटतो, व का?
४. ज्या विषयावर आपले मत पक्के आहे, त्याच विषयावर निराळे मत असलेल्या एखाद्या वडील माणसास ‘आपणांस असे का वाटते?’ असे विचारा. मध्ये न बोलता उत्तर ऐका व घरी आल्यावर ते लिहून काढा.